कानबाई दुसऱ्या घरी बसली ते साल

ताईबाईशी भांडण झालं नाही असा माणूस आमच्या रेल्वे फाटकाच्या गल्लीत सापडायचा नाही, आणि तिच्या हातचं भरीत खाल्लं नाही असाही सापडायचा नाही. या दोन्ही गोष्टी बहुतेक एकाच दिवशी व्हायच्या. सकाळी नळावर ती तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार आणि संध्याकाळी झाकलेली वाटी घेऊन तुमच्याच दारात उभी राहणार. वाटी घ्यायला उशीर झाला तर त्यावरून पुन्हा बोलणं खावं लागायचं.

मी भुसावळला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. माझं घर तिच्या समोर. त्यामुळे तिचं निम्मंअधिक आयुष्य मी माझ्या ओट्यावर बसून पाहिलं आहे. मला कोणी विचारलं नाही तरी मी ते सांगणार, कारण आता तिच्याबद्दल लोक वाटेल ते बोलतात. म्हातारपणी बाई फिरली, घरच्यांवरच उलटली, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या घराखालची जमीन शाबूत आहे.

ताईबाई पारोळ्याकडची. पितांबरशी लग्न होऊन इथे आली तेव्हा घरात सासू नव्हती. सासरा होता, लोको शेडमध्ये फिटर असलेला नवरा होता आणि शाळेत जाणारा एक दीर होता, लीलाधर. हळद उतरायच्या आतच हे पोर तिच्या पदराला लागलं. तिने त्याला न्हाऊमाखू घातलं, त्याच्या उवा काढल्या, त्याला बदडलं आणि त्याला कोणी बोललं की त्याच्या वतीने भांडलीही. दहावीला तो पहिल्या फटक्यात पास झाला नाही, तेव्हा हिने अख्ख्या गल्लीला सांगितलं की पेपर तपासणारा मास्तर आंधळा होता. पुढे तिला स्वतःची मुलगी झाली, नूतन. ती आता धुळ्याला दिली आहे. पण "तुला पोरं किती?" असं कोणी विचारलं की ताईबाई आधी लीलाधरचं नाव घ्यायची. इतकी वर्षं भुसावळला काढून तिची अहिराणी सुटली नाही, तशी ही सवयही सुटली नाही.

पितांबर गेल्यावर तिने भरिताच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. हिवाळ्यात मोठी हिरवी वांगी यायची, मागच्या अंगणात कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ व्हायचा आणि सगळ्या गल्लीचे डोळे चुरचुरायचे. जाळाशी बसायचा झिपरू. झिपरू मागच्या खोलीतला भाडेकरू, यावलच्या वर सातपुड्याच्या पायथ्याचा. जन्मभर केळीचे घड वॅगनमध्ये भरले, आणि केळी ट्रकने जायला लागली तेव्हा हा रिकामा झाला. बायको गेलेली, मूलबाळ नाही. खोलीचं भाडं द्यायचं त्याने कधीच सोडून दिलं होतं आणि मागायचं तिने. तो वांगी भाजायचा, ही लाकडी बडगीत ती कुटायची, आणि दोघं दिवसभर कचकच करायची. "भाऊ, वांगं जळनं!" "अक्का, तुझी जीभ आधी सांभाळ." हे इतकं नेहमीचं होतं की एखादा दिवस ऐकू आलं नाही तर माझी बायको खिडकीतून डोकावून पाहायची.

आता कानबाईचं सांगतो, कारण सगळं तिथेच फिरलं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई बसते. ताईबाईच्या सासरचा मान मोठ्या घराला, म्हणजे पितांबरच्या घराला. देवीचा पूर्वापार चालत आलेला नारळ तिच्या देव्हाऱ्यात असायचा. त्या दिवशी सुरतेपासून नाशिकपर्यंत पांगलेले भाऊबंद तिच्या घरी जमायचे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेऊन त्याच्या पिठाचे रोट होतात. ते रोट भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्या माणसाला त्यातला घासही चालत नाही, मग तो कितीही जिव्हाळ्याचा असो. उरलेलं पीठ पुनवेच्या आत घरच्यांनीच संपवायचं, आणि भाऊबंदांत सुतक पडलं तर रोट तिथेच थांबतात. त्यामुळे त्या दिवशी आम्ही शेजारी आपापल्या घरी, आणि झिपरू अंगणात. ताईबाई त्याच्यासाठी वेगळ्या पिठाची पुरणपोळी करायची. तो म्हणायचा, "अक्का, माझी पोळी तुमच्या रोटापेक्षा चांगली झाली." यावर ती लाटणं उगारायची.

लीलाधर शिकला, मोठ्या ठेकेदारांच्या हाताखाली राहिला, लग्न केलं आणि हायवेपलीकडच्या कॉलनीत बंगला बांधला. बायको कामिनी, दोन मुलं, तेजस आणि डिंपल. मुलगा म्हणून त्याने काही कमी केलं असं मी म्हणणार नाही. दर रविवारी यायचा, वहिनीच्या पाया पडायचा. मग आमच्या फाटकाचं काम निघालं. फाटक बंद करून रुळांखालून बोगदा करायचा ठरलं. वरून गाड्या चालूच ठेवतात, आणि खाली सिमेंटचे मोठे चौकोनी डबे जॅकने पुढे ढकलत नेतात. पुढची माती उकरायची, डबा सरकवायचा, पुन्हा माती उकरायची. काम बाहेरगावच्या कंपनीचं. माती उकरण्याचं आणि खड्ड्यातलं पाणी उपसण्याचं पोटकंत्राट मिळालं लीलाधरला. त्याचं ते पहिलं मोठं काम. ताईबाईने गल्लीत पेढे वाटले, आणि पेढा घेताना जो नुसता "बरं झालं" म्हणाला, त्याला तिने बोगदा म्हणजे काय हे पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं.

बोगद्याच्या पंपाचं पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं होतं. आमच्याकडे नळाला पाणी येतं तेव्हा सण असतो. त्यामुळे बायांनी त्या पाण्याला देवच मानलं. हंडे, ड्रम, बादल्या, लहान मुलांचे टब, जे हाती लागेल ते भरलं. उन्हाळाभर कपडे, भांडी, कूलर, सगळं त्याच पाण्यावर चाललं. पाऊस सुरू झाल्यावर पाणी पिवळसर आणि गढूळ यायला लागलं. बायांनी तुरटी फिरवली. सकाळी ड्रमच्या तळाशी मऊ, लोण्यासारखी माती बसलेली असायची. ती माती त्यांनी कुंड्यांत घातली, अंगण सारवलं. माझ्या बायकोने त्यात कोथिंबीर लावली आणि ती काय उगवली म्हणून सांगू! आपल्याच घरांखालची जमीन आपण ड्रम भरभरून उपसून घेतोय आणि वर तिचं कौतुक करतोय, हे आमच्यातल्या एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही.

ताईबाईच्या टाळक्यात अर्धंमुर्धं शिरलं होतं. स्वयंपाकघराचं दार अडकायला लागलं होतं आणि चुलीपाशी पाय आपटला की पोकळ आवाज यायचा. तिने लीलाधरला विचारलं, तेव्हा मी तिथेच चहा पीत बसलो होतो.

"पाणीमा माती का बरं येस रे?"

"पावसाळामा बठ्ठं पाणी गढूळच येस वहिनी," तो म्हणाला. मग चहा तसाच ठेवून तो स्वयंपाकघरात गेला. फरशीवर टाच आपटत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला. बाहेर आला तेव्हा त्याला घाम फुटला होता. उकाडा होता, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या दोन-तीन दिवसांत तो कामिनीला घेऊन आला. दोघं ताईबाईच्या पाया पडली आणि लीलाधर म्हणाला, "वहिनी, यंदानी कानबाई आम्हना घर बसाडूत. तुम्ही किती दिन करशात?"

ताईबाई रडली. मी तिला पितांबरच्या वेळेनंतर प्रथमच रडताना पाहिलं, आणि हे सुखाचं रडणं होतं. आपल्यामागे देवीचं कोण करणार ही चिंता तिला कित्येक वर्षं पोखरत होती. शहरी वळणाची कामिनी कानबाईला घरात घेईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने दारोदार जाऊन सांगितलं. माझ्याकडे येऊन म्हणाली, "नाना, मन्हा लीलाधरनी मन्ही लाज राखी." तिचं ते तोंड आठवलं की आजही मला लीलाधरच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

शनिवारी तो टेम्पो घेऊन आला. पूजेची पितळी भांडी नेली, ते ठीक. पण आलेल्या पाहुण्यांना लागतील म्हणून गाद्या नेल्या, पितांबरचा फोटो नेला, बापाची शिसवी पेटी नेली. मी चेष्टेने म्हणालो, "लीलाधर, घरच उचलून ने की!" तो हसला नाही. ताईबाई नऊवारी नेसून, नारळ ओटीत धरून टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसली आणि तिथून झिपरूला ओरडून म्हणाली, "भाऊ, दोन दिन घर उघडं नका टाकज्यात. मन्हा घरमाच झोपज्यात. चूलपान पोळ्या झाकेल शेतस."

लीलाधर मागे दोरी बांधत होता. त्याने हे ऐकलं. बांधलेली गाठ सोडली, पुन्हा बांधली, झिपरूकडे एकदा पाहिलं आणि टेम्पोत जाऊन बसला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि कोणी देवळात उभं करून विचारलं तरी हेच सांगेन.

सोमवारी सकाळी तिकडे कानबाई डोक्यावर घेऊन बाया नाचत तापीकडे निघाल्या होत्या. इकडे मी ओट्यावर दात घासत होतो. झिपरूने ताईबाईच्या स्वयंपाकघराची गल्लीकडची खिडकी उघडली आणि मला हात केला. चहा ठेवत असावा. तेवढ्यात पऱ्हाट्यांनी भरलेली ट्रॉली उलटावी तसा आवाज झाला आणि खिडकी खाली गेली. भिंत पडली नाही, उभीच्या उभी खाली गेली. पाठोपाठ मागची खोली, अंगण आणि गल्लीचा तुकडा. धूळ बसली तेव्हा समोर फक्त ताईबाईची बाहेरची खोली अर्धी लोंबकळत होती, आणि तिच्या बाजूपासून मागपर्यंत एवढा मोठा खड्डा की कडेला उभं राहायची कोणाची छाती होईना. तळाशी पिवळं पाणी चढत होतं. माझी सून कडेवर बाळ घेऊन दारात उभी होती. तिच्या आणि खड्ड्याच्या मध्ये एक मोरीच काय ती उरली होती.

झिपरूला दुपारी वर काढलं. जिवंत होता. त्याला जळगावला सरकारी दवाखान्यात नेलं. ताईबाई विसर्जनावरून तशीच, हळदकुंकवाने भरलेल्या कपाळाने तिथे पोचली. दोन दिवस ती त्याच्या खाटेशी होती. बुधवारी सकाळी लीलाधरने तिला बळेबळे आंघोळीला आणि दोन घास खायला घरी नेलं, आणि नेमका त्याच वेळी झिपरू गेला. ते सांगायला मलाच जावं लागलं.

मी गेलो तेव्हा पानं वाढली होती. पुनवेच्या आत पीठ संपवायचं म्हणून कामिनीने रोट केले होते. मी सांगितलं. ताईबाई कपाळ बडवून घ्यायला लागली.

"मीच त्यास्ले घरमा झोपाडं नाना. मीच सांगं व्हतं. मीच मारं त्यास्ले."

लीलाधर तिच्याजवळ खाली बसला, तिचे हात धरले. त्याचेही डोळे भरले होते, हे खोटं कशाला सांगू. म्हणाला, "तुम्हनी काय चूक वहिनी? अशी रडू नका. तुम्ही तठे ऱ्हात्यात तर आज काय व्हतं? मी तुमले टाइमवर काढी लयनू ते देवीनी कृपा समजा."

ताईबाईचं रडणं थांबलं.

"काढी लयनू?"

त्याने तिचे हात सोडले.

"म्हंजे तुले माहित व्हतं?"

मग त्याने सांगितलं. आधी अडखळत, मग भराभर. जणू काही आपण तिला एक चांगली गोष्टच सांगतो आहोत. पंपातून माती येत होती, म्हणजे जमीन आतून पोकळ होत होती. त्याने कंपनीच्या इंजिनियरला सांगितलं. इंजिनियर म्हणाला, तोंड बंद ठेव, डबा पलीकडे निघाला की सिमेंट भरून टाकू. गल्लीत सांगितलं असतं तर मोर्चा आला असता, काम बंद पडलं असतं, आणि त्याला पुन्हा कोणी काम दिलं नसतं. पण वहिनीला तिथे कसं राहू द्यायचं? म्हणून त्याला कानबाई सुचली. सगळे भाऊबंद दरवर्षी त्याच घरात जमतात, ते सगळेच त्याने बाहेर काढले. "मी एकलानी बठ्ठास्ले वाचाडं वहिनी," तो म्हणाला.

माझा तोल गेला. मी ओरडलो, "आणि आम्ही? माझी सून, तिचं पोर?"

तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "नाना, तुमचं घर पुढच्या बाजूला आहे. तिथपर्यंत काही येणार नव्हतं."

मी चप्पल शोधायला लागलो, निघायला की मारायला ते माझं मलाच कळत नव्हतं. पण ताईबाईने हात वर करून मला थांबवलं. तिला एकच विचारायचं होतं.

"आन् झिपरूभाऊ?"

लीलाधरला प्रश्न खरोखरच समजला नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. म्हणाला, "त्यास्ले कसा बलावतू वहिनी? रोट व्हतात ना."

दिवसभर भांडणारी ती बाई, ती ओरडेल, शिव्या देईल, ताट भिरकावेल, असं मला वाटलं. मी वाटच पाहत होतो. तिने फक्त समोरचं पान दोन्ही हातांनी हळूच बाजूला सारलं. मग तेजसच्या आणि डिंपलच्या पुढचंही.

"सुतक शे," ती म्हणाली. "खाऊ नका."

कामिनी घाबरून म्हणाली, "वहिनी, सुतक भाऊबंदांचं असतं."

"मन्हा भाऊ गया."

"वहिनी, तो भाडेकरू होता," लीलाधर म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला होता. "लोक काय म्हणतील? त्याचं सुतक धरून तुम्ही देवीचे रोट टाकता?"

ताईबाई उठली. कोपऱ्यात रोटांच्या पिठाचं पितळी पातेलं होतं. ते तिने उचललं, पायऱ्या उतरून बाहेर गेली आणि दारातल्या गाईपुढे रिकामं केलं. सासरी आल्यापासून चाळीस वर्षं तिने त्या पिठाचा कण खाली सांडू दिला नव्हता. परत आली नाही. बंगल्याच्या फाटकापाशी उभी राहून मला म्हणाली, "नाना, तुम्हनी स्कूटर काढा."

आम्ही आधी झिपरूला पोचवलं. यावलकडचं त्याचं कोणी सापडलं नाही, म्हणून गल्लीनेच खांदा दिला. ताईबाई बायांसारखी मागे राहिली नाही, शेवटपर्यंत आली. तिथून मी तिला माझ्या घरी न्यायला निघालो, तर ती म्हणाली, पोलीस स्टेशन.

तोवर कंपनीने आपली गोष्ट पसरवली होती. बाईच्या स्वयंपाकघराखाली जुनी बुजवलेली विहीर होती, ती पावसाने खचली, बोगद्याचा काही संबंध नाही. ठाण्यातल्या साहेबांनी तेच विचारलं. ताईबाई म्हणाली, "ईहीर नव्हती. मन्हा सासरानी ते घर बांधं तवय मी वीट वाही. माले माहित शे खाल काय व्हतं." आणि मग म्हणाली की जमीन पोकळ होते आहे हे कोणाला आधीपासून माहीत होतं, ते तिला सांगायचं आहे.

साहेब भला माणूस होता. त्याने लेखणी खाली ठेवली. म्हणाला, "आजी, लीलाधर तुमचा सख्खा दीर ना? तुम्हीच वाढवला म्हणतात. तुमच्या बोलण्याने तो आत जाऊ शकतो. घर गेलंय, उद्या त्याच्याच दारात जावं लागेल. दोन दिवस विचार करा."

मलाही क्षणभर वाटलं की ती उठेल. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तो मन्हाच शे साहेब," ती म्हणाली. "मन्ही मांडीवर मोठा व्हयेल शे. म्हनीसन मीच सांगस. दुसरा कोन्ही सांगं तर तो म्हनी, खोटं शे. मन्हा तोंडवर तो तसं म्हनाव नही."

साहेबांनी पुन्हा लेखणी उचलली आणि म्हणाले, पूर्ण नाव सांगा त्याचं. आयुष्यभर ज्याचं नाव घेताना ती फुलून यायची, ते नाव सांगताना तिचा आवाज असा फुटला की साहेबांना ते दुसऱ्यांदा विचारावं लागलं.